टेबलावरची नगर हवेली : फासे, बाहुले आणि १९५४चे पंधरा दिवस

‘या वयात सैनिक-सैनिक काय खेळता?’ हा प्रश्न आमच्या गटातल्या प्रत्येकाने घरी आणि बाहेर ऐकलेला आहे. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर द्यावं असं ठरवलं. आम्ही सायलीतले पाच-सहा जण महिन्यातले दोन रविवार एका मोठ्या टेबलाभोवती घालवतो. टेबलावर नदी असते, रस्ते असतात, चौक्या असतात आणि रंगवलेले बोटभर उंचीचे सैनिक असतात. हा खेळ म्हणजे काय, तो कसा खेळतात आणि इतिहासाची आवड असणाऱ्याला त्यातून काय मिळतं, ते या लेखात सांगतो. उदाहरण आमच्या अंगणातलंच घेतो : १९५४ साली नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली ती मोहीम.

खेळ म्हणजे नेमकं काय?

ऐतिहासिक वॉरगेममध्ये एखादी खरी लढाई, वेढा किंवा मोहीम निवडतात. ती जिथे घडली त्या मुलखाची लहान प्रतिकृती टेबलावर मांडतात. दोन्ही बाजूंकडे त्या वेळी जेवढी माणसं आणि साधनं होती, त्याच प्रमाणात बाहुले ठेवतात. मग दोन खेळाडू आळीपाळीने हुकूम देतात. कोण किती सरकणार, नदी ओलांडता येणार का, गोळी लागणार का, हे नियम आणि फासे मिळून ठरवतात. वाद झाला तर पंच निकाल देतो.

बुद्धिबळाशी याचं नातं आहेच. पण बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या असतात, पट सपाट असतो आणि सगळं सगळ्यांना दिसतं. खऱ्या मोहिमेत यातलं काहीच नसतं. एका बाजूकडे बंदुका जास्त असतात, दुसऱ्या बाजूला वाटा माहीत असतात. पाऊस दोघांनाही विचारून येत नाही. समोरच्याकडे किती माणसं आहेत, हे तर कुणालाच धड कळत नाही. हे सगळं टेबलावर आणायचं, हीच या खेळातली खरी मेहनत आणि खरी मजा.

दिवाळीतला किल्ला आणि प्रशियातला नकाशा

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा खेळ परका वाटू नये. दिवाळीच्या सुट्टीत दगड-माती गोळा करून किल्ला करायचा, त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरून हिरवळ उगवायची, वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे आणि पायथ्याशी बाजारपेठ मांडायची, हे आपण सगळ्यांनी केलेलं आहे. तिथे मावळे नुसते उभे असत. त्यांना चालवायचे नियम मिळाले, की झाला वॉरगेम.

असे नियम पद्धतशीरपणे लिहिले गेले ते प्रशियात. फॉन राइस्विट्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२मध्ये आपला खेळ राजाला दाखवला. त्यांच्या तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने तो सुधारून १८२४मध्ये नियमांचं पुस्तक काढलं. त्यात खरा नकाशा होता, फासे होते, एक पाळी दोन मिनिटांची होती आणि मुख्य म्हणजे पंच होता. दोन्ही खेळाडूंनी आपापले हुकूम चिठ्ठीवर लिहून पंचाकडे द्यायचे आणि कुणाला काय दिसतं ते पंचाने सांगायचं. प्रशियाच्या सैन्याने तो खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला.

लष्करातून तो घराघरांत आला तो इंग्लंडमध्ये. ‘टाइम मशीन’वाले एच. जी. वेल्स यांनी १९१३मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांशी खेळायचे नियम दिले. १९६२मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचं ‘वॉर गेम्स’ आलं आणि छंद म्हणून तो तिथे पसरला. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी बाहुल्यांऐवजी पुठ्ठ्याच्या सोंगट्या वापरणारा ‘टॅक्टिक्स’ हा पटावरचा खेळ बाजारात आणला तो १९५४मध्ये. म्हणजे आम्ही ज्या वर्षाची मोहीम खेळतो, त्याच वर्षी.

सायलीचं टेबल

आमचा गट कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांचा. काही जण नाशिक-खानदेशकडून इथे आलेले, काही इथलेच. एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना सगळे ‘गुरुजी’ म्हणतात आणि पंचाची खुर्ची कायम त्यांची.

सामान फार लागत नाही. सहा फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी, टेकड्यांसाठी थर्माकोल, त्यावर फेव्हिकॉल लावून चिकटवलेला रंगीत लाकडी भुसा, नदीसाठी निळा रंग आणि वर वॉर्निशचा हात. झाडांना जुन्या काथ्याचे तुकडे. बाहुले विकत मिळतात, तसे मातीचे किंवा एम-सीलचे घरीही करता येतात. रंगवायला ॲक्रिलिक रंग आणि शून्य नंबरचा ब्रश. जगात अठ्ठावीस मिलिमीटर आणि पंधरा मिलिमीटर ही मापं जास्त चालतात. आम्ही पंधरा मिलिमीटरचे वापरतो, कारण आम्हाला एक चौक नाही, अख्खा परगणा मांडायचा असतो.

सुरुवात आम्ही वसईच्या वेढ्याने केली होती. चिमाजीअप्पांनी मे १७३९मध्ये वसई घेतली, तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. टेबलावर तो वेढा खेळताना मराठ्यांच्या बाजूचा खेळाडू तटाकडे कमी आणि पाळ्यांच्या मोजणीकडे जास्त बघत असतो. सुरुंग वेळेत पोचला नाही तर पाऊस येणार! १९५४च्या मोहिमेत नेमकं उलट होतं. तिथे पाऊस आधीच सुरू झालेला आहे आणि तो किल्लेदाराला छळतो. उत्तर कोकणातल्या दोन मोहिमा, दोन्हींत पोर्तुगीज, दोन्हींत पाऊस, पण त्याची बाजू बदललेली. हे पुस्तक वाचताना सहज लक्षात येत नाही, टेबलावर लगेच येतं.

१९५४ : थोडक्यात

नियमांकडे वळण्याआधी मूळ घटना सांगायला हवी, कारण बाहेरच्या वाचकांना ती फारशी माहीत नसते.

मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात १७७९मध्ये पुण्याचा तह झाला. त्यात वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना द्यायचं ठरलं. पुढे १७८३ आणि १७८५च्या सनदांनी नगर हवेली आणि दादरा त्यांच्याकडे गेले. दोन्ही भाग समुद्रापासून आत, दमणपासून तुटलेले, चहूबाजूंनी आधी मराठ्यांच्या, मग इंग्रजांच्या आणि १९४७नंतर भारताच्या मुलखाने वेढलेले. दादरा तर नगर हवेलीपासूनही वेगळा तुकडा.

२१-२२ जुलै १९५४च्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या कार्यकर्त्यांनी दादऱ्याची चौकी घेतली. २८ जुलैला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यकर्त्यांनी नरोलीची चौकी घेतली. कम्युनिस्ट कार्यकर्तेही या लढ्यात होते. २ ऑगस्टला सिल्वासा पडलं. त्या तुकडीत संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. मोहिमेला पैसा उभा करण्यासाठी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन व्हर्जिलिओ फिदाल्गो सुमारे १५० पोलिसांसह सिल्वासा सोडून खानवेलच्या बाजूला, आतल्या डोंगराळ भागात गेले होते. ११ ऑगस्टला तलासरीजवळच्या उधव्याला त्यांनी भारतीय पोलिसांपुढे शस्त्रं ठेवली. २ ऑगस्ट इथे आजही मुक्तिदिन म्हणून पाळला जातो.

आता यातली मेख बघा. एका बाजूला दीडशे शस्त्रधारी, शिकलेले पोलीस. दुसऱ्या बाजूला तुटपुंजी हत्यारं घेतलेले थोडे कार्यकर्ते. तरी राजधानी जवळजवळ लढाईशिवाय पडली. कसं?

नियम कुठे अडतात, कुठे बसतात

वॉरगेमचे तयार परदेशी नियम बहुतेक नेपोलियनच्या काळातल्या किंवा दुसऱ्या महायुद्धातल्या लढायांसाठी लिहिलेले असतात. त्यांचा जीव गोळीबारात असतो : इतकी माणसं, इतकं अंतर, इतका फासा, इतके पडले. त्या नियमांनी १९५४ खेळलं तर फिदाल्गोची बाजू सहज जिंकते, कारण कागदावर तीच बलवान आहे. म्हणून आम्ही नियम स्वतः बांधले. ते असे :

*जमीन आणि वेळ.* टेबलावरचा एक इंच म्हणजे अर्धा किलोमीटर. सायली सिल्वासापासून वीतभर. एक पाळी म्हणजे एक दिवस. २८ जुलैला डाव सुरू, ११ ऑगस्टला संपतो, म्हणजे पंधरा पाळ्या. दहा माणसांमागे एक बाहुला.

*पाऊस.* प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला गुरुजी पावसाचा फासा टाकतात. एक किंवा दोन पडले तर उघडीप. तीन-चार पडले तर सगळ्यांची चाल निम्मी. पाच-सहा पडले तर दमणगंगा फुगते आणि त्या दिवशी नदी ओलांडणं बंद. नरोली नदीच्या एका बाजूला आणि सिल्वासा दुसऱ्या बाजूला. त्यामुळे पूर आला की नरोलीची चौकी एकटी पडते, आणि सिल्वासाच्या खेळाडूला नुसतं बघत बसावं लागतं.

*धीर.* आमच्या नियमांचा गाभा हाच. प्रत्येक चौकीपुढे लाल मण्यांची वाटी असते. शेजारची चौकी पडल्याची बातमी आली, एक मणी काढायचा. दमणहून काही निरोप न येता आणखी एक दिवस गेला, आणखी एक. वरिष्ठ अधिकारी निघून गेले, दोन. वाटी रिकामी झाली की ती चौकी गोळी न झाडता शस्त्रं खाली ठेवते. मग तिथे किती बंदुका होत्या याला अर्थ उरत नाही.

*अफवा.* कार्यकर्त्यांच्या खेळाडूला दर पाळीला एक चिठ्ठी पंचाकडे देता येते. त्यात तो आपली संख्या आणि जागा लिहितो. खरी लिहावी असं बंधन नाही. पंच ती समोरच्याला वाचून दाखवतो, पण खरी की खोटी ते सांगत नाही.

*दमणचा रस्ता.* दमणहून कुमक येऊ शकत नाही. हा नियम मात्र आम्ही बनवलेला नाही, तो हेगच्या न्यायालयाचा म्हणावा लागेल!

हेगचा निकाल आमच्या टेबलावर

जुलै १९५४मध्ये भारत सरकारने पोर्तुगीजांना दमणहून आपल्या हद्दीतून नगर हवेलीत जायला मनाई केली. सीमेवर राज्य राखीव पोलीस उभे राहिले. त्यांचे प्रमुख होते जे. डी. नगरवाला, म्हणजे गांधीहत्येच्या तपासातले मुंबईचे पोलीस अधिकारी. पोर्तुगालने डिसेंबर १९५५मध्ये हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला.

न्यायालयाने मराठ्यांचा तह आणि सनदा तपासल्या. मराठ्यांनी दिला होता तो महसुलाचा हक्क, आपल्याकडच्या जहागिरी-सरंजामासारखा. सार्वभौम सत्ता नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. ती सत्ता इंग्रजांच्या काळात मानली गेली. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना भारतीय हद्दीतून जाऊ द्यायची वहिवाट होती, हे न्यायालयाने मान्य केलं. सशस्त्र दलं, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांना मात्र तसा हक्क नव्हता. आणि जुलै १९५४मध्ये भारताने केलेली मनाई त्याच्यावरच्या बंधनांविरुद्ध नव्हती.

आता हे वाक्य खेळाच्या भाषेत लिहून बघा : ‘दूत जाऊ शकतो, पण भारताच्या परवानगीने, सैनिक जाऊ शकत नाही.’ आमच्या नियमपत्रिकेत ते तसंच आहे. दोनशे वर्षांची कागदपत्रं, वकिलांची भाषणं आणि न्यायाधीशांची मतं टेबलाच्या वायव्य कोपऱ्यात चिकटवलेल्या एका लाल सुतळीत येऊन बसली आहेत. ती सुतळी पोर्तुगीज बाहुल्याने ओलांडायची नाही. गटात नवा कुणी आला की तो पहिल्यांदा तिच्याबद्दल विचारतो, आणि त्याला हेगची गोष्ट सांगावी लागते.

फिदाल्गोच्या खुर्चीवर

या खेळातून सर्वांत जास्त शिकायला मिळतं ते नावडत्या बाजूने खेळताना. आमच्यात फिदाल्गो व्हायला कुणी आपणहून तयार नसतो. म्हणून चिठ्ठ्या टाकतो. ज्याच्या नावाची निघेल तो बसतो.

पुस्तकात वाचलं की वाटतं, हा माणूस सिल्वासा सोडून जंगलात का गेला? दमणपासून आणखी लांब, समुद्रापासून आणखी आत! भ्याला असणार. पण त्या खुर्चीत बसल्यावर चार-पाच पाळ्यांत चित्र बदलतं. दादरा गेलेलं आहे. नरोली गेली. दमणची वाट सुतळीने बांधलेली. रोज एक चिठ्ठी येते : ‘उत्तरेकडून दोनशे जण.’ खरे असतील? वीसही नसतील. पण वीसच आहेत असं समजून बाहेर पडावं, आणि दोनशे निघाले तर? शहरात बसून राहावं तर रोज वाटीतला एक मणी जातो. मग खेळाडूची नजर आपसूक खानवेलच्या टेकड्यांकडे जाते. तिथे निदान सगळी माणसं एकत्र राहतील, कुणी एकेक चौकी फोडणार नाही. टेबलावर बसलेला जवळजवळ प्रत्येक ‘फिदाल्गो’ आज ना उद्या तिकडे वळतो. आणि तो वळला की सिल्वासात मागे राहिलेल्या थोड्या शिपायांच्या वाटीतून एकदम दोन मणी जातात.

त्या कॅप्टनच्या मनात प्रत्यक्ष काय होतं, हे टेबल सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. टेबल एवढंच दाखवतं की त्याच्यापुढे कोणत्या वाटा होत्या आणि त्या एकामागून एक कशा बंद झाल्या. ‘तो भित्रा होता’ हे वाक्य मग तितक्या सहज तोंडातून येत नाही. आणि कार्यकर्त्यांचं मोल कमी होत नाही, उलट नीट कळतं. त्यांचं बळ बंदुकीत नव्हतं. एका बाहुल्याच्या, फार तर दोन बाहुल्यांच्या जोरावर पंधरा बाहुल्यांसमोर जायला निघायचं, भर पावसात, हे टेबलावर करतानाही हात थबकतो.

फासा आणि पंच

नेहमी विचारला जाणारा दुसरा प्रश्न : फासा उलटा पडला आणि पोर्तुगीज जिंकले तर?

पडतो कधी कधी. पाऊस उघडा राहतो, चिठ्ठ्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही आणि ११ ऑगस्ट उजाडला तरी सिल्वासावर पोर्तुगीज बावटा असतो. तेव्हा टेबलाभोवती कुजबुज सुरू होते. ‘गुरुजी, पुन्हा टाका ना एकदा.’ गुरुजी टाकत नाहीत. त्यांची एक ठरलेली गोष्ट आहे, ती ते सांगतात.

१९४२च्या मे महिन्यात जपानच्या नौदलाने मिडवे बेटावरच्या हल्ल्याचा सराव टेबलावर केला. पंचाने फासा टाकला आणि अमेरिकी विमानांनी जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडवल्या असा निकाल निघाला. उगाकी नावाच्या वरिष्ठ ॲडमिरलने तो मोडून बॉम्बची संख्या कमी केली आणि एक नौका पाण्यावर परत आणली. जपानी वैमानिक फुचिदा यांनी हे लिहून ठेवलं आहे. जूनमध्ये खरी लढाई झाली आणि जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या. तिथे फासा परत टाकता आला नाही.

आपल्याला हवा तो निकाल लागेपर्यंत फासा टाकत राहायचं असेल, तर खेळ कशाला, मिरवणूक काढावी. डावात पोर्तुगीज जिंकले म्हणून इतिहास बदलत नाही. पण २ ऑगस्ट आपोआप उगवला नव्हता, तो हुकलाही असता, हे त्या डावाने कळतं. मुक्तिदिनाच्या भाषणांपेक्षा मला त्या हरलेल्या डावाने त्या लोकांचं मोठेपण जास्त समजलं.

जे टेबलावर मांडत नाही

दादऱ्याची रात्र आम्ही खेळत नाही. म्हणून डाव २८ जुलैला सुरू होतो. दादऱ्याच्या लहानशा चौकीत त्या रात्री सब-इन्स्पेक्टर आनिसेतो दो रोझारियो आणि शिपाई आंतोनियो फर्नांडिस मारले गेले. तिथे मोहीम नाही, डावपेच नाहीत. एक खोली आणि तिच्यातली नावनिशीची माणसं आहेत. त्यांच्या मरणावर फासा टाकणं आम्हाला बरं वाटत नाही. डाव सुरू करताना गुरुजी त्या रात्रीची हकिकत वाचून दाखवतात, दोन्ही बाजूंची नावं घेऊन. मग पहिली पाळी. दुसरा नियम असा, की कुठल्याही बाहुल्याला खऱ्या माणसाचं नाव द्यायचं नाही. फिदाल्गो खुर्चीचं नाव आहे, बाहुल्याचं नाही.

आणि एक गोष्ट टेबलावर मावत नाही. ती आमच्या एका वारली मित्राने मांडली. नकाशा रंगवून झाला, चौक्या लागल्या, दोन्हीकडचे बाहुले उभे राहिले. तो बराच वेळ बघत होता. म्हणाला, ‘गुरुजी, यात माणसं कुठं आहेत?’

गुरुजींनी हिशेब मांडला. १९६१च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या सुमारे ५८,००० होती. त्यात वारली, धोडिया, कोकणा असे आदिवासी फार मोठ्या संख्येने. दहा माणसांमागे एक बाहुला, या आमच्याच मापाने त्यांचे ५,८०० बाहुले व्हायला हवेत. टेबल भरून खाली सांडतील. आणि आम्ही मांडले होते वीस-पंचवीस!

मापाचा हा उपयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पुस्तकात ‘नगर हवेली मुक्त झाली’ हे वाक्य लिहिता येतं आणि त्यात ५८ हजार माणसं गुपचूप मावतात. टेबलावर मावत नाहीत. जागा कमी पडते आणि कमी पडल्याचं दिसतं.

म्हणून आता गावांची पानं आहेत. पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर एकेका गावाचं नाव : सायली, नरोली, खानवेल, रांधा, दुधनी. कुठलीही बाजू गावात शिरली की त्या गावाचा फासा पडतो. गाव वाट दाखवेल, होडी देईल, चुकीची वाट दाखवेल किंवा दार लावून घेईल. या एका नियमाने डाव पार बदलला. आतल्या जंगलात फिरणारी पोर्तुगीज तुकडी गावांच्या मर्जीवर जगते, हे लगेच दिसायला लागलं. शिवाय सीमेपलीकडे, त्याच तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात, १९४५पासून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केलेला होता. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये तो लिहिला आहे. रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पाड्यांत नातीगोती होती. इथला वारली १९५४मध्ये कोरा कागद नव्हता.

मित्राचा पुढचा प्रश्न मात्र फाशाने सुटणारा नाही. ‘बावटा बदलला, मग जमीन कुणाची झाली?’ पोर्तुगीज अमदानीत इथे अल्वारा म्हणून जमिनी दिल्या जात. मुक्तीनंतर वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला, ११ ऑगस्ट १९६१ला प्रदेश भारतात सामील झाला, आणि जमीन सुधारणेचा कायदा आला तो १९७१मध्ये. म्हणजे २ ऑगस्ट १९५४पासून सतरा वर्षांनी. आमचा डाव पंधरा दिवसांचा. या सतरा वर्षांसाठी त्यात एकही पाळी नाही. ही गोष्ट आम्ही नियमपत्रिकेच्या शेवटच्या ओळीत लिहून ठेवली आहे, म्हणजे डाव जिंकणाऱ्याने फार फुगू नये.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर

पानिपत किंवा प्लासी लगेच मांडायला जाऊ नका. आपल्या गावाजवळची लहान घटना निवडा : एखादी चौकी, एखादा घाट, एखादा वेढा. जमीन स्वतः चालून या, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. नियम एका पानात बसले पाहिजेत. नाहीतर रविवार नियम वाचण्यात जातो. बाहुले नसले तर चिंचोके आणि कवड्या चालतात. आमचा पहिला महिना त्यावरच गेला. पंच मात्र हवाच, आणि तो असा माणूस हवा ज्याला कुणाच्याच जिंकण्याची घाई नाही.

नियम लिहिताना प्रत्येक नियमापुढे तो कुठून आला ते लिहा : कागदपत्रातून, जमिनीवरून, की आपल्या अंदाजाने. आमच्याकडे तीन रंगांच्या शाया आहेत. काळी म्हणजे कागद, हिरवी म्हणजे जमीन, लाल म्हणजे अंदाज. नियमपत्रिका हातात घेतली की लाल किती आहे ते पहिल्यांदा दिसतं, आणि पुढच्या महिन्यात काय वाचायचं ते त्यावरूनच ठरतं.

गावांच्या पानांची मागची बाजू आम्ही कोरी ठेवली आहे. त्या गावातलं कुणी म्हातारं माणूस १९५४चं काही सांगेल, तर ते त्याच्याच शब्दांत तिथे लिहायचं. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशी ओलांडून गेलं आहे, तेव्हा हे काम फार दिवस थांबणारं नाही. खेळातला हा एवढाच भाग घाईचा आहे. बाकी सगळ्याला पुढचा रविवार आहेच.